फणसाच्या लाकडातली ऊब

आज दुपारी शेडमध्ये एका डब्याला माझा हात लागला आणि डबा गरम होता. झालं एवढंच. सगळे चिंचेखाली जेवायला गेले होते, शुक्रवारचा उपास म्हणून मी मागं राहिले होते, आणि टेबलाखालचा कचरा ओढताना केरसुणीच्या आधी माझा हातच तिथं पोचला. सकाळी कुणीतरी रेझिन आणि हार्डनर जास्तीचं कालवलं असणार, उरलेलं प्लास्टिकच्या डब्यात ठेवून विसरलं असणार. डबा अजून भाजण्याइतका तापला नव्हता. तापात पडलेल्या माणसाचं पोट लागतं तसा लागत होता. ऊब वरची नव्हे, आतून येणारी. हात काढायला हवा होता. मी काढला नाही. डोळे मिटले गेले आणि पत्र्याची शेड, भिंतीवरचा पंखा, रस्त्यावरनं खानापूरकडं जाणाऱ्या ट्रकचा आवाज सगळं लांब लांब गेलं. नाकाशी ओल्या पोत्याचा, हळदीचा आणि जुन्या फणसाच्या लाकडाचा वास आला. मग डब्यातनं धुराची पहिली बारीक रेघ निघाली तशी मी भानावर आले. डबा फडक्यात धरून मागच्या अंगणात नेला आणि पडलेल्या पत्र्यावर सगळं ओतून काठीनं पसरून टाकलं. पातळ पसरलं की ते निवतं. डब्यात साठून राहिलं असतं तर पिवळं झालं असतं, तपकिरी झालं असतं, उकळून तडकलं असतं, आणि डबाही वितळवून गेलं असतं. पत्र्यावर ते मधासारखं चमकत पडलं. मी पायरीवर बसले आणि उजवा तळवा उघडून मांडीवर ठेवला. तळवा अजून गरम होता.

या कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मी चूल शोधत होते. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या कॉइली साच्यात ठेवून वरनं रेझिन ओतायचं आणि ते दगडासारखं होईतो थांबायचं, एवढं मला कळलं होतं. मग साच्याला हात लावला तर गरम. म्हणून खाली वाकून बघितलं, शेगडी कुठं आहे ते. आमचे शेडवाले मारुतीराव हसले. म्हणाले, बाई, ह्याची चूल ह्याच्याच पोटात हाय. दोन गार औषधं एकत्र आली की आपोआप तापतात, तापली की आणखी जोरानं एकमेकांत मिसळतात, आणि मिसळली की आणखी तापतात. कडेची ऊब वाऱ्यानं निघून जाते. मधली जाणार कुठं? म्हणून खोल साच्यात एकदम ओतायचं नाही. थोडं ओतायचं, ते बोटाला चिकटेल न चिकटेल एवढं आवळू द्यायचं, हात लावून बघायचं, मग पुढचं. उन्हाळ्यात साचा पाण्याच्या परातीत ठेवायचा. गारगोटीचं पीठ मिसळायचं, म्हणजे ते पीठ थोडी आग पिऊन घेतं. मारुतीराव सांगत होते आणि मी मान हलवत होते, पण माझ्या डोळ्यांपुढं निपाणीची वखार आली होती.

निपाणीला भरमू वखारीत होता. भरमू म्हणजे माझा नवरा. आता नाव घ्यायला मला काही वाटत नाही. लग्न होऊन गेले तेव्हा एकदा डबा घेऊन वखारीत गेलते, तर हा तंबाखूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभा. मला वाटलं, काही पडलं असेल आत. म्हणाला, ये, तूबी हात घाल. मी घातला. वरची पानं गार, कोरडी, कुरकुरीत. आणि आत, मनगटाच्या पुढं, असली ऊब की मी हात ओढून घेतला. ढीग तापतो, म्हणाला. तापला की फोडायचा, उलटायचा, वारा द्यायचा. न्हाय उलटला तर आतल्या आत काळा पडतो आणि वरनं कुणाला काय कळत न्हाय. त्याचं बोलणं मला लई आवडायचं. तंबाखूच्या धुळीनं त्याच्या पापण्या पिवळ्या झालेल्या असायच्या, आणि तो हसला की त्या पिवळ्या पापण्यांतनं डोळे फार काळे दिसायचे. पुढं चार-पाच वर्षांनी, पोरबाळ नाही म्हणून, का कशानं, त्यानं दुसरी ठेवली. वखारीत पानं निवडायला येणारी बाई होती. मला दारातनं शेजारणीनं सांगितलं. मी पीठ मळत होते. मी मळतच राहिले. तो संध्याकाळी आला, मी ताट वाढलं, तो जेवला. त्यालाही ठाऊक होतं की मला कळलंय, आणि तो वाट बघत होता मी ओरडायची. मी ओरडले नाही. माझा आवाजच नाही तसला. लहानपणापासनं शाळेत बाई म्हणायच्या, मालू, जरा मोठ्यानं बोल. सात-आठ दिवसांनी ट्रंक घेऊन मी बेळगावला निघाले. कोगनोळीकडनं आलेली एस्टी स्टँडात लागली, मी चढले, आणि खिडकीजवळ बसून मनातल्या मनात देवीला म्हटलं, शुक्रवारी दिवा लागेपर्यंत मी कुणाशी बोलणार नाही. का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. व्रताला कारण लागतंच असं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायची, देवीचं आहे.

तसे माझे बाकीचे नेम पूर्वीचेच. पहाटे तुळशीला पाणी, न बोलता, सोमवारी एकवेळ, गुरुवारी पोथीचा अध्याय, दिवा लावला की तो आपोआप शांत होईतो घराबाहेर पाय नाही. बेळगावच्या शहापुरात एक खोली घेतली होती, तिथं शेजारपाजार मला भाबडी म्हणायचे आणि मला ते चालायचं. पण शुक्रवारचं मौन वेगळं होतं. ते गोड लागायचं. दिवसभर शब्द आत यायचे, गळ्यापर्यंत चढायचे, आणि मी ते परत खाली सोडायची. दुपारपर्यंत छातीत एक जडशी ऊब साठायची. मला वाटायचं ही भक्तीची ऊब.

देवाप्पा सुतार शेडवर आला ते वैशाखाच्या तोंडाला, ऐंशी सालात. माझ्याच माहेरगावचा. आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा कितीक वर्षांनी भरते. माझ्या आईनं पाहिलेली, मी परकरात असताना एक पाहिली, त्यानंतर हीच. यात्रेआधी लाकडाची देवी देवळातनं बाहेर काढतात, रंग देतात, नवरीसारखी नटवतात, वाजतगाजत नेऊन गदग्यावर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या ओट्यावर बसवतात. तर रंग खरवडताना देवाप्पाची पटाशी देवीच्या पाठीत मुठीपर्यंत आत गेली. आतनं भुसाच भुसा. वाळवीनं पोट खाल्लं होतं, छाती खाल्ली होती, आणि वरचं कवच मात्र शाबूत. तोंडावरची हळद, डोळे, नथ सगळं जिथल्या तिथं. देवाप्पा सांगताना रडला. दुसरी मूर्ती घडवायची गावाची तयारी नव्हती. आईचं अंग कुणी बदलतं का? कुणीतरी त्याला सांगितलं होतं, बेळगावजवळ मच्छ्याच्या शेडात एक औषध मिळतं, ओतलं की दगड होतं. मारुतीरावांनी टोपी काढून हात जोडले आणि डबे सेवेत दिले. म्हणाले, ओतणारीबी तुमच्याच गावची हाय, ही मालुबाई.

गावात त्यावरनं बोलणं झालंच. नवऱ्यानं टाकलेली बाई देवीच्या अंगाला हात लावणार? शेवटी सगळ्यांनी गंगव्वाकडं बघितलं. गंगव्वा म्हणजे देवीला नेसवणारी. साठीची, काटकुळी, कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. तिच्या सासूनंतर देवीचं लुगडं तीच बदलायची, ती बदलताना देवळाचं दार लावलेलं असायचं, आणि देवी उघडी कशी दिसते हे गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. सुतारालाही पाठच दाखवलेली, पुढून लुगडं तसंच. गंगव्वानं मला वरखाली बघितलं आणि म्हणाली, पुरुषापरीस बाई बरी. पाठीमागं बसून काय करायचं ते कर, पुढं मात्र येऊ नको. ती हे लागेल असं बोलली नाही. पाणी कुठं ठेवलंय ते सांगावं तसं सांगितलं. मला लागलंही नाही. पाठीमागं बसायची मला सवय होती.

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. सकाळच्या बसनं उतरायचं, विहिरीवर पाय धुवायचे, ओल्या पायानं देवळात शिरायचं. आत अंधार, वरच्या झरोक्यातनं उन्हाची एक पट्टी यायची आणि दिवसभर जमिनीवरनं हळूहळू सरकायची. देवीच्या पाठीत दोन वितींचं भोक केलं होतं, तिथनं मी आधी हातानं सगळा भुसा काढला. मऊ, कोरडा, साखरेसारखा भुसा. ओंजळीओंजळीनं काढला आणि गंगव्वानं तो फडक्यात बांधून घेतला, तुळशीत घालायला. मग पोकळी. खांद्यापर्यंत हात आत जायचा आणि बोटांना आतनं तिची छाती लागायची, तिचा गळा लागायचा, उलट्या बाजूनं. समोरच्या बाजूला जिथं लोक कुंकू लावत होते तिथंच आतनं माझी बोटं होती, मध्ये बोटभर लाकूड. मला वाटायचं, हे असं दर्शन कुणाला घडलं असेल? तिच्या तोंडाकडं सगळे बघतात. मला तिची आतली बाजू मिळाली, जिथं रंग नाही, दागिना नाही, डोळे नाहीत.

मी थोडं थोडं ओतायची. आधी खाली पोटात गारगोटीचं पीठ कालवून एक पातळ थर, मग थांबायचं. बाहेरनं कमरेला ओली पोती गुंडाळलेली, ती सुकली की पाणी मारायचं. लाकूड म्हणजे गोधडीच की. आतली ऊब बाहेर सोडत नाही, म्हणून इथं साच्यापेक्षा जास्त जपायला हवं होतं. थर आवळत असताना मी पाठीला तळवा लावून बसायची. काही वेळ काहीच नाही. मग लांबनं कुणीतरी येतंय असं वाटावं तशी ऊब यायची, तळव्याखाली उभी राहायची, आणि तिथनं परत फिरायची. परत फिरली की पुढचं कालवायला घ्यायचं. हार्डनरचा वास कडक, डोळ्यांत पाणी आणणारा. उदबत्तीच्या वासाला तो नुसता ढकलून द्यायचा. गंगव्वा पुढं बसून वाती वळायची, मी मागं. मध्ये देवी. आम्ही फारसं बोलायचो नाही. एकदा तिनं विचारलं, तुझा दाल्ला निपाणीलाच हाय न्हवं? मी म्हटलं, हो. बोलत न्हाईस कधी त्याचं, म्हणाली. मी म्हटलं, काय बोलायचं? त्यावर तिनं हातातली वात पुरी वळली आणि म्हणाली, लई गप् बाई हायीस गं तू. मला तो मोठेपणा वाटला. तळव्याखालची ऊब त्याच वेळी उभी राहिली होती.

शेवटचा थर शुक्रवारी आला. गळा आणि छातीच्या मधली जागा अरुंद आणि खोल. तिथं पातळ थर देता येत नव्हते, हातच पोचत नव्हता. जाड ओतायला लागणार होतं. मी आदल्या दिवशी देवाप्पाला सगळं बजावलं होतं. ओतल्यावर पाठीचं भोक उघडं ठेवायचं, वारा लागला पाहिजे. पोती ओली ठेवायची. दिवा लागेपर्यंत वर काही झाकायचं नाही. तू उद्या इथंच थांब, माझं मौन असतं. तो म्हणाला, थांबतो की, आक्का. शुक्रवारी सकाळी मी ओतलं. हळद-कुंकू वाहिलं, पोती भिजवली, हात लावून बघितलं, ठीक होतं. आणि देवाप्पाला खुणेनं बसवून विहिरीवर गेले, कारण अंगाला रेझिन लागलेलं होतं आणि तसल्या अंगानं देवळात बसवेना. विहिरीच्या पायरीवर, काठाच्या करंजाच्या सावलीत, मला डुलकी लागली असावी. पाण्यात काहीतरी सोनेरी हलत होतं, आणि मी निपाणीच्या वखारीत होते, आणि ढीग फोडायचा राहिला होता, आणि कुणीतरी म्हणत होतं, राहू दे, वरनं चांगला दिसतोय.

वाद्याच्या आवाजानं जाग आली. ओटी घेऊन बायका देवळाकडं चालल्या होत्या. ओट्या मंगळवारी भरायच्या ठरल्या होत्या, पण शुक्रवार देवीचा वार, आणि औषध संपलं, आई पुरी झाली अशी बातमी गावात फिरली होती. मी भराभर चालत गेले. देवळाच्या दारात चपलांचा ढीग. देवाप्पाला बायकांनी बाहेर काढला होता. तो आत राहीलच कसा, देवीला नेसवायचं होतं. आत शिरले आणि माझे पायच थांबले. पोती काढून कोपऱ्यात टाकली होती. कुणाची चूक म्हणायची? देवी पोत्यात बघून कुठल्या बाईला राहवेल? पाठीच्या भोकात कापूस कोंबून वर रेशमी खण चिकटवला होता, कारण देवीची पाठ उघडी ठेवून तिच्यापुढं ओटी कशी भरायची? आणि त्यावर लुगड्यांवर लुगडी. हिरवी, जांभळी, इरकली, शहापुरी, ज्या घरातली जी सगळ्यात चांगली. देवी गळ्यापर्यंत गुंडाळली गेली होती. थंडीत विरजणाच्या भांड्यावर घालावं तसं पांघरूण, एकावर एक, प्रेमानं.

आणि बायका रांगेनं पुढं होत होत्या, लुगड्यात हात घालत होत्या, आणि डोळे पुसत मागं येत होत्या. एक म्हातारी सुनेला म्हणाली, हात लाव गं, हात लाव, जित्ती हाय आई. सून पोटुशी होती. तिनं भीत भीत हात घातला आणि तिचं तोंड जे झालं ते मी विसरले नाही. कुणीतरी आरती सुरू केली. वासाच्या उदबत्त्या, नारळाचं पाणी, झेंडू, आणि त्या सगळ्याच्या खालनं, मला एकटीलाच ओळखू येणारा, करपलेल्या साखरेसारखा एक वास.  एक क्षण, खरं सांगते, मलाही वाटलं की असू दे. एवढ्या बायकांना आई जिवंत लागतेय. उद्या आतनं काळी पडली तर वरनं कुणाला कळणार आहे? डोळे तसेच राहतील, नथ तशीच राहील. गंगव्वा पुढं उभी होती, ताट धरून, तिचेही डोळे भरले होते. माझ्या छातीत शुक्रवारची ती ओळखीची जड ऊब चढली. गळ्यापर्यंत आली. नेहमीसारखी मी ती खाली सोडायला गेले आणि ती खाली जाईना.

मी रांग सोडून पुढं गेले. पुढं, म्हणजे तोंडापुढं, जिथं मला यायचं नव्हतं. वरचं लुगडं धरून ओढलं. मागनं कुणीतरी माझा दंड धरला, कुणीतरी म्हणालं काय करतीया ही, आरती थांबली. दुसरं लुगडं ओढलं. मला खुणेनं सांगता आलं असतं का? नंतर पुष्कळदा विचार केला. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा माझ्या तोंडातनं आवाज निघाला, आणि तो माझा नव्हता, म्हणजे माझाच होता पण मी तो कधी ऐकलेला नव्हता. देवळाच्या घुमटात तो फिरला आणि माझ्याच कानावर येऊन आदळला.

"सोडा तिला. जळतीया ती आतनं."

 बाहेर वाजवणाऱ्यानंही वाजवायचं थांबवलं. गंगव्वानं ताट खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. देवीजवळ गेली, लुगड्यांच्या आत हात घालून छातीवर ठेवला आणि ठेवूनच उभी राहिली. तिचे ओठ आवळले. हात काढून तिनं तळवा बघितला.

"ही ऊब आईची न्हाय का गं, मालू?"

मी सांगितलं, औषधाची आहे. झाकल्यानं वाढतेय. आणखी वाढली तर लाकूड करपेल, औषध तडकेल. हे सांगताना मात्र आवाज पुन्हा माझा, बारीक. मागनं म्हातारी रागानं म्हणाली, औषधाची म्हणं, मग मगाशी माझ्या हाताला काय लागलं?   गंगव्वानं पदर खोचला. ती म्हणाली, "माणसानं चढवलेला ताप माणसानंच उतरवायचा. दार लावा. पाणी आणा."

दार लागलं. पुरुष बाहेर, बायका आत. गंगव्वानं स्वतःच्या हातानं लुगडी काढली, एकेक, घडी न मोडता, आणि शेवटचं काढताना थांबली आणि म्हणाली, बघायचं ते नीट बघा, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनीच का म्हणून बघावं. मग देवी उघडी झाली. मी पहिल्यांदा समोरनं बघितली. काळंभोर लाकूड, छातीवर एक लांब चीर, कुणा जुन्या सुतारानं बुजवलेली, दंडाला खिळ्यांच्या खुणा, पोट जरा खपाटीला गेलेलं. बाईसारखी बाई होती. पोटुशी सून हुंदका देऊन रडायला लागली आणि सासूनं तिला जवळ घेतलं. मी पाठीचा खण काढला, कापूस ओढला. आतनं धुराचा भपकारा आला. मग बायकांनी आपापले पदर फाडावेत तसे पंचे, फडकी, खण पाण्यात बुडवून पिळले आणि देवीच्या कपाळावर, छातीवर, पाठीवर ठेवले. सुकले की दुसरे. मी म्हटलं, एकदम गार नको, कोमट आधी. त्यांनी ऐकलं. कुणी सुपानं वारा घालत होतं. एका बाईनं हलक्या आवाजात लेकराला झोपवताना म्हणतात तसलं काहीतरी म्हणायला घेतलं आणि बाकीच्या त्यात मिळाल्या. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली, पिवळी झाली, तांबडी झाली. मी तळवा लावून उभी होते. ऊब चढत होती, चढत होती, आणि मग तळव्याखाली थांबली. तेवढ्यात आतनं एक आवाज आला. टक्. बारीक, पेरूची बी दाताखाली यावी तसा. गंगव्वानं आणि मी एकमेकींकडं बघितलं. दुसऱ्या कुणाच्या कानावर आला का ठाऊक नाही. आत काहीतरी तडकलं होतं. कुठं, किती, ते आजवर कळलेलं नाही, कळणारही नाही. पण ऊब परत फिरली होती.

पुढं रंग लागला, यात्रा झाली, देवी गदग्यावर बसली आणि अजून शाबूत आहे. भोकाच्या कडेला लाकूड जरा तपकिरी झालंय, ते पाठीला असल्यानं दिसत नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. देवी गार झाल्यावर गंगव्वानं तिला साधं सुती लुगडं नेसवलं, समई लावली, दार उघडलं. बायका ओट्या आवरून निघाल्या. त्यांच्यातलं कुणी माझ्याशी वाकडं बोललं नाही. जाताना एकेक जण माझ्या हाताला हात लावून गेली, देवीला लावावा तसा, आणि मला कसंतरी झालं. सगळ्यात शेवटी मी आणि गंगव्वा राहिलो.  इतकी वर्षं सांभाळलेलं मौन मी देवीच्याच पुढं मोडलं होतं. गंगव्वाला ते कळलं असणार. तिनं काढलेल्या लुगड्यातलं एक, हिरवं, माझ्या पुढ्यात धरलं, त्यात नारळ, तांदूळ घातले आणि माझा पदर पुढं ओढून माझी ओटी भरली. नवऱ्याचं घर सोडल्यापासनं माझी ओटी कुणी भरली नव्हती. लुगड्याच्या घडीत देवीची ऊब अजून राहिली होती. ती माझ्या पोटाला लागली.

"दिवा लागला," गंगव्वा म्हणाली. "आता बोलायला हरकत न्हाय तुला. मगाशी काय बोललीस ते आमच्यातलं कुणीबी ऐकलेलं न्हाय. मी सगळ्यास्नी सांगितलंय. तुझं व्रत हाय तसं हाय."

केवढी माया होती त्यात. साऱ्या गावाच्या बायकांनी मिळून माझा तो एक आवाज पदराखाली घेतला होता, देवीवर लुगडी घातली तसा. मी मान हलवली असती तर तो तिथंच राहिला असता आणि मी शहापुरातल्या माझ्या खोलीत परत गेले असते, भाबडी, गप् बाई. समईची वात हलली. पोटाशी धरलेलं लुगडं निवत चाललं होतं, हे मला कळत होतं.

"ऐकलंय तुम्ही, गंगव्वा," मी म्हणाले. "मी बोलले."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसली, पाय लांब केले, भिंतीला टेकली आणि वातींचा कापूस पुढं ओढला. मी तिच्या समोर बसले, देवीच्या पाठीमागं नव्हे, पुढं. आणि निपाणीच्या घरात पीठ मळत होते तिथनं सांगायला लागले. थोडं सांगायची, थांबायची. ती वात वळायची, हं म्हणायची. मग पुढचं.

मघाशी मारुतीराव मागच्या अंगणात आले आणि पत्र्याकडं बघून म्हणाले, वाया गेलं की मालुबाई. मी म्हटलं, गेलं. पण डबा वाचला. पत्र्यावरचं रेझिन आता कडक झालं आहे, पातळ, पिवळसर, उन्हात आरपार दिसणारं. बोट लावून बघितलं. गार आहे. दिवा लागायला अजून अवकाश आहे, आणि मी बोलतेय. शुक्रवारचा उपास मी सोडलेला नाही, दिवाही नाही. मौन तेवढं त्या संध्याकाळी देवीच्या पायाशी ठेवून आले.